अख्खी बाई

हाद्याने चित्रांची गुंडाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि कोट न काढताच सांगून टाकलं, "त्यांनी ही उलटी करून ठेवली. मग उठून गेल्या."

"कोण?" ईश्वरीने विचारलं.

"सगळ्या."

हाद्या जर्मनीत, डार्मश्टाटच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. मूळची इराकमधल्या सिंजारची. तिथली लढाई संपून वर्षं झाली होती. बायका छावण्यांतून हळूहळू आपापल्या गावी परतत होत्या, पण तिच्या गावात दवाखाना म्हणावा असा काही उरला नव्हता. हाद्याने आणि तिच्या इथल्या मैत्रिणींनी मिळून तिथं बायकांसाठी वर्ग सुरू केला होता. थोडं लिहिणं-वाचणं, थोडं आरोग्य. रजा मिळाली की हाद्या स्वतः जाऊन शिकवायची. गर्भारपणाच्या धड्याची चित्रं ईश्वरीने काढून दिली होती. तिचं कामच ते. एका कंपनीसाठी ती दिवसभर पंप आतून कसे दिसतात याची चित्रं काढायची.

तिने गुंडाळी उलगडली. गर्भाशय, नाळ, बाळ, सगळं चोख होतं. छातीच्या वर आणि मांड्यांच्या खाली कागद संपत होता.

"काय चुकलंय यात?"

"डोकं कुठंय हिचं?" हाद्याने विचारलं.

ईश्वरीने कागदाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आमच्याकडे पुरलेली माणसं शोधायला अजून जमीन उकरतायत, ईश्वरी. कित्येकींना त्यांची माणसं मिळालेली नाहीत. आणि मी त्यांच्यापुढे डोकं नसलेली बाई टांगली. माझ्याही लक्षात आलं नाही. शाळेपासून असंच बघत आलो ना आपण."

"हो ना," ईश्वरी हळूच म्हणाली.

"शनिवारी मी परत जातेय. या वेळी उठून गेल्या तर पुन्हा येणार नाहीत. त्यातल्या काहीजणी पोटुशा आहेत, म्हणून म्हणते. मला अख्खी बाई काढून दे. चेहऱ्यासकट."

ईश्वरी हो म्हणाली खरी, पण आई गेल्यापासून तिने एकही चेहरा काढला नव्हता. आईला तिने शेवटचं पाहिलं ते पुण्याच्या हॉस्पिटलातल्या शवागारात. त्यानंतर कुणाचाही चेहरा काढायला घेतला तरी डोळे मिटलेलेच उमटायचे. इतके दिवस पंपांवर निभावून गेलं होतं.

पुढचे दोन दिवस ऑफिसातून आल्यावर ती टेबलाशी बसायची आणि कागद चुरगाळायची. समोर ओट्याशी बाबांची खुडबूड चालायची. बाबा म्हणजे श्रीपाद, निवृत्त भूगोलशिक्षक. हिवाळा संपेपर्यंत लेकीकडे राहायला आले होते. येताना स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांनी कुसुमचा, ईश्वरीच्या आईचा, फोटो आणला होता. चंदनाचा हार घातलेला तो फोटो आता पुस्तकांच्या फडताळात होता. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. आईच्या खांद्याला शेजारणीच्या साडीचा पोपटी काठ अजून चिकटलेला होता. ईश्वरी त्या बाजूला फारसं बघायची नाही.

"कागद निळ्या डब्यात टाकायचे ना गं?" बाबांनी लसूण सोलता सोलता विचारलं. "परवा ती खालची बाई मला केवढं ऐकवून गेली."

"काय म्हणाली?"

"ते काय मला कळतंय? पण ऐकवलं एवढं नक्की."

ते लसूण सोलत सोलतच टेबलाशी आले. त्यांनी जुनं चित्र पाहिलं, मग फडताळाकडे नजर टाकली.

"कमाल आहे," ते म्हणाले. "तुझ्याकडे नुसतं धड आणि माझ्याकडे नुसतं डोकं."

ईश्वरीला हसू फुटलं. बऱ्याच महिन्यांनी फुटलं, त्यामुळे बाबाच जरा चपापले.

"तुझ्या वेळेला कुसुम बसायची तशी काढ की," ते म्हणाले.

"कशी बसायची?"

बाबांनी एक खुर्ची ओढली, दुसरीवर पाय सोडले, पाठीला हात लावला आणि दुसऱ्या हाताने कपाळ धरलं. "अशी. डोकं ठणकायचं तिचं. पाय एवढे सुजलेले की चप्पल चढायची नाही. माझ्या चपला घालून फिरायची. सगळे म्हणाले, या दिवसांत पाय सुजायचेच. माझी आई म्हणाली, मीही म्हणालो. मग एका दुपारी झटकेच यायला लागले."

लसणाची पाकळी अजून त्यांच्या चिमटीत होती.

"वाचलात दोघी. दुसरं मूल मात्र नको म्हणाले डॉक्टर."

"हे मला कधी कुणी सांगितलं नाही."

"ती सांगू द्यायची नाही. पोरीला कशाला घाबरवायचं, म्हणायची."

ईश्वरीने जुनं चित्र जवळ ओढलं. धोका ओळखायचा तो ठणकणाऱ्या डोक्यावरून आणि सुजलेल्या पायांवरून. तिने नेमकं तेवढंच कागदाबाहेर ठेवलं होतं.

"बाबा, हलू नका."

"अगं, गॅसवरची भाजी करपेल."

"करपू दे."

कपडे तिने हाद्याने पाठवलेल्या फोटोंवरून घेतले. घोळदार झगा, मागे गाठ मारलेला पांढरा रुमाल. पायांत पुरुषी चपला. पोटात बाळ होतंच. चेहऱ्याशी आल्यावर तिने बाबांकडे पाहिलं, मग फडताळाकडे, आणि पेन्सिल थांबवली नाही. डोळे उघडे आले.

बाबांनी चित्र हातात घेऊन लांब धरलं. "हिला कुसुम नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "पण वैताग तिचाच आहे."

पुढच्या आठवड्यात हाद्याने वर्गातूनच व्हिडिओ कॉल लावला. "बायकांचा वर्ग आहे, समोर येऊ नका," असं ईश्वरीने बजावल्यामुळे बाबा चहाचा कप घेऊन फ्रीजपाशी उभे राहिले. पडद्यावर बायका चित्राच्या अगदी जवळ आल्या होत्या. कुणीतरी काहीतरी विचारलं. हाद्याने ते जर्मनमध्ये सांगितलं.

"काय म्हणतायत?" बाबा कुजबुजले.

"हिने नवऱ्याच्या चपला का घातल्यात, विचारतायत."

"सांग ना, स्वतःच्या चढत नाहीत."

ईश्वरीने सांगितलं, हाद्याने पुढे सांगितलं. तिकडे हशा पिकला. एका म्हातारीने हात उडवून काहीतरी शेरा मारला, त्यावर आणखी हसल्या. मग दाराशी बसलेली एक तरुण बाई न बोलता पुढे सरकली. तिने झग्याची कड उचलून पाय पुढे केला. मोज्याच्या रबराचा खोल वळ घोट्याभोवती उमटला होता. हाद्याने काही विचारलं तशी तिने कपाळाला हात लावला.

"मोमेंट," हाद्या म्हणाली. फोन कुठंतरी टेकवला गेला. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. बाबांनी चहा तसाच धरून ठेवला होता.

हाद्याचा चेहरा परत आला तेव्हा ती धापा टाकत होती. "प्रेशर खूप आहे. पण अजून वेळ आहे, शुद्धीत आहे, बोलतेय. गाडी निघाली शहराकडे. दोघीजणी तिच्याबरोबर गेल्यात."

"आणि बाकीच्या?" ईश्वरीने विचारलं. "गेल्या?"

"नाही. बसल्यात." हाद्याने मागे वळून पाहिलं. "पुढचं चित्र मागतायत."

बाबा तोवर फ्रीज सोडून खुर्चीशी आले होते. "काय म्हणाली?"

"पुढचं चित्र हवंय त्यांना. बाळाला पाजण्याचं."

"मग बसायला काही मला जमायचं नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी ईश्वरीची वही तिच्यापुढे सरकवली. "पण ती कशी बसायची, ते सांगतो."