धार तुटेपर्यंत

मित्रांनो, पेल्याच्या बुडाला भोक पडले की तो टाकून देतात. माझे उलटे आहे. मी भोकासाठीच जन्माला आलो. मी एक जुना, पोलादी, मापाचा पेला आहे, आणि सरबताच्या कारखान्यात सगळे मला ‘गळक्या’ म्हणत. सुरुवातीला या नावाचा मला फार राग यायचा.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या अंगावर फारसा वेळ घालवला नाही, पण भोकावर मात्र जीव ओतला. माझे भाऊबंद कुणी रंगाच्या कारखान्यात गेले, कुणी छापखान्याच्या शाईत बुडाले. माझ्या वाट्याला साखरेचा पाक आला, म्हणून मी स्वतःला नशीबवान समजे.

काम साधे होते. तपासणीच्या खोलीतल्या बाई खालून भोकाला बोट लावत, मला काठोकाठ भरत आणि बोट काढताच घड्याळ सुरू करत. सलग धार जिथे तुटे, तिथे घड्याळ थांबे. पाणी माझ्यातून भुर्रकन निघून जाते. मध पाय ओढत जातो. वाहायला कुरकुर करण्याच्या या गुणाला पुस्तकात श्यानता म्हणतात, कारखान्यात नुसते दाटपणा. पुष्कळांना वाटते, जे जड ते दाट. साफ चूक! तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके. तरी माझ्यातून उतरताना ते पाण्याच्या कितीतरी मागे राहते. पाक पातळ राहिला तर गिऱ्हाईक बोंब मारी, फार दाट झाला तर बाटल्या भरणाऱ्या नळ्या तुंबत. मी होकार दिल्याशिवाय एकही कढई पुढे जात नसे. मालक पाहुण्यांना मला दाखवत, तेव्हा माझी छाती फुगायची.

मग फिरत्या दांड्याने दाटपणा मोजणारे यंत्र आले. ते स्वतःच आकडा दाखवी. मी फडताळात गेलो आणि माझ्यात कुणीतरी पेन्सिली उभ्या केल्या. मित्रांनो, पेन्सिली! मला रडू येत नाही म्हणून बरे.

एके दिवशी बाई मालकांना म्हणाल्या, “साहेब, गळक्याला घरी नेऊ का? आईसाठी हवाय.”

“न्या की. पेन्सिलींना डबा बघू दुसरा.”

बाईंच्या आईला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. तिचा घसा दुबळा झाला होता. पाणी झरझर उतरे, घशाला ते आवरेना, आणि घोट श्वासाच्या नळीकडे वळे. डॉक्टरांनी बजावले होते, की पाणी असो वा दूध, पूड घालून ठरावीक दाट करूनच द्यायचे. आठवड्यात तोंडावाटे पुरेसे पोटात गेले नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचे नाव काढताच आई मानेने नाही नाही करी. बाई आणि त्यांचा भाऊ अंदाजाने पूड कालवत, आणि रोज वाजे.

“दादा, ही काय खळ केलीस? पोस्टर चिकटवायचेत का?”

“आणि तुझ्या हातचं पिऊन काल तिला ठसका लागला, ते?”

बाईंनी मला उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ केले. डॉक्टरांनी नमुना म्हणून दिलेले दाट पाणी त्यांनी माझ्यातून सोडले, त्याची वेळ ध्यानात ठेवली, आणि तीच वेळ जुळेपर्यंत त्या घरचे पाणी कालवू लागल्या. आई ठसका न लागता पिऊ लागली. मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटले.

पण आईला दूध प्रिय. बाईंनी ते शेगडीवरून उतरवले, पूड घातली आणि वाफाळतेच माझ्यात ओतले. धार झरझर पडली. बाईंनी आणखी पूड घातली, मग आणखी, आणि वेळ जुळली तेव्हा त्या खूश झाल्या. आईचे तोंड भाजू नये म्हणून वाटी निवायला ठेवली. निवता निवता दूध असे आळले, की चमचा उभा राहिला. पहिलाच घास आईच्या टाळूला चिकटला. ती घाबरली आणि तिने ओठ जे घट्ट मिटले, ते पाण्यालासुद्धा उघडेनात.

“फेकून दे तो गळक्या!” दादा कडाडला. “उद्या डॉक्टर येणार. आता नळी घालतीलच!”

मला ओट्याखाली सरकवले गेले. मी खोटे बोललो नव्हतो. मला गरम दूध विचारले, मी गरम दुधाचे उत्तर दिले. पण पेल्याला कुठे बोलता येते?

बाई भांडी आवरू लागल्या. आळलेल्या दुधाची वाटी स्वच्छ निघेना, म्हणून त्यांनी ती गरम पाण्यात ठेवली. थोड्या वेळाने दूध सैल होऊन वाहू लागले. बाईंनी कपाळावर हात मारला.

“अगं बाई! कारखान्यात पाक निवल्याशिवाय पेल्याला हात लावू देत नाही मी कुणाला. घरी आल्यावर माझी अक्कल कुठे गेली?”

ऊन पदार्थ सैल धावतो, गार होताना तोच दाटतो. बाईंना हे पाठ होते. पण आईच्या काळजीने त्यांना काही सुचत नव्हते. त्यांनी नवे दूध केले, आई पिईल इतके कोमट होऊ दिले, आणि मला घेऊन आईच्या पलंगाशी बसल्या.

“आई, चूक माझी होती. हे बघ, तुझ्यासमोरच मोजते.”

आईने धार पाहिली. धार तुटली, वेळ जुळली. बाईंनी चमचा पुढे केला. ओठ मिटलेलेच होते. बाईंनी चमचा मागे घेतला नाही. मग ओठ किंचित उघडले. घोट उतरला. ठसका नाही. वाटी रिकामी झाली, तेव्हा आई जड जिभेने म्हणाली, “साखर... कुठंय?”

“पाकाच्या कारखान्यातल्या बाईचं दूध बिनसाखरेचं!” असे म्हणून दादा हसला आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागला. बाई तर उघडच रडल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर नळी न घालताच परत गेले.

मित्रांनो, यंत्र माझ्याहून हुशार आहे, हे मला मान्य आहे. माझी एवढीच विनवणी आहे. मला धुताना भोकात तार किंवा टाचणी घालू नका. मऊ फडके पुरे. तिथे ओरखडा उठला, तर धार बदलेल आणि मी खोटे बोलू लागेन. कारखान्यात तसे झाले असते, तर एक कढई वाया गेली असती. इथे माझ्या शब्दावर कुणाची तरी आई तोंड उघडते.