निळ्या ज्योतीवरची डाळ

चैत्रातली सकाळ खारबावच्या खालच्या आळीत घाईने येत नसे. आधी पूर्वेच्या टेकडीची कड उजळे. मग पेंढ्याच्या उडवीवर फिकट पिवळा उजेड टेके आणि पुढे यावे की नाही अशा विचारात तिथेच बराच वेळ रेंगाळे. तिथून तो कौलांवर उतरे, एकेक पन्हळ भरत ओटीपर्यंत येई, सारवणात उमटलेल्या बोटांच्या वळ्या दाखवी, आणि अखेर गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या लोखंडी टाकीवर पोचे. रात्रभर गॅस साठून टाकी हातभर वर आलेली असे. तिच्या काळ्या पाठीवरचे दंव सावकाश सुके. या उजेडात विशेष काही नव्हते. पंढरी मात्र तो रोज ओटीवर बसून शेवटपर्यंत पाही; कारण त्यानंतर माणसांशी बोलावे लागे.

त्या दिवशी तर बोलणे टळणार नव्हते. मुंबईच्या एका कंपनीने गावासाठी पैसा घातला होता. खालच्या आळीला एक विहीर आणि तिथल्या सगळ्या घरांना नमुन्यादाखल गोबरगॅस. नमुना पटला तर साऱ्या गावाला. नाही तर टाक्या उचलून दुसऱ्या गावी. निकाल द्यायला कंपनीचे इंजिनिअर कारखानीस यायचे होते. मॅट्रिक झालेल्या पंढरीला या कामाच्या देखरेखीवर त्यांनीच नेमले होते.

विहिरीची जागा पंढरीने दाखवलेली. पाण्याची पारख असलेल्या म्हाताऱ्या सावळारामाने वरच्या अंगाला बोट केले होते. पण टेकडीवरच्या जुन्या बावीपर्यंतची आईची पाण्यासाठीची चढण पंढरीला संपवायची होती. म्हणून त्याने खाडीच्या बाजूची, घराला लागून असलेली जागा धरली. दिवाळीत पाणी लागले, ते गोड लागले. शिमग्याच्या सुमारास पाणी मचूळ झाले, तेव्हा ‘नव्या सिमेंटची चव आहे, जाईल,’ असे त्याने सर्वांना सांगितले, आणि शिकलेल्या पोराचे म्हणणे सर्वांनी ऐकले. गॅस पेटला तोही त्याच सुमाराला. वरच्या आळीत जुन्या बावीच्या पाण्यात, चुलीवर डाळ मेणासारखी होई. खाली ती तासभर उकळूनही दाताखाली कडकडे. दोष गॅसला लागला.

कारखानीस ओटीवर बसले. बायका दाराशी जमल्या.

“सायब, तुमची जोत दिसाया झ्याक,” शेजारची ठमाबाई म्हणाली. “पन डाल तिला भेत न्हाय.”

कमळ, पंढरीची वहिनी, पदराआड हसली. “आमच्या भावजींसारकाच हाय तो गॅस. गुमान जलतो, कुनाला चटका म्हनून न्हाय.”

सगळ्याजणी हसल्या. कारखानीसही हसले, मग गंभीर झाले. “म्हणजे नकोच म्हणायचं? पंढरी, तुम्ही रोज पाहता. ज्योत कमी पडते का?”

“ज्योत... चांगली असते, साहेब.”

“मग डाळ का शिजत नाही?”

पंढरीने सारवणाकडे पाहिले. घरात धूर नव्हता, म्हणून आईचा वर्षानुवर्षांचा खोकला या दिवसांत निवला होता. ते त्याला ठाऊक होते. तरी तो नखाने सारवण उकरत राहिला.

“न्या बाबा तो गॅस,” ठमाबाई म्हणाली. आजवरच्या धुराने लाल झालेल्या, सदा पाझरणाऱ्या डोळ्यांना तिने पदर लावला. “आमची चूल बरी. डोलं जातील तं जातील.”

“तुमची इच्छा,” कारखानीस म्हणाले. “पुढच्या आठवड्यात ट्रक पाठवतो.”

एवढ्यात पंढरीची आई, धोंडूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. कारखानीसांनी तो एका दमात रिता केला. “वा! विहिरीचं पाणी मात्र अमृत आहे हो. एक तरी काम साधलं म्हणायचं.”

पंढरीने चमकून आईकडे पाहिले. तिच्या लुगड्याच्या काठाला कुसळे चिकटली होती. दारच्या विहिरीच्या वाटेवर कुसळे नव्हती. ती टेकडीच्या वाटेवर होती.

“आये, तू वर गेलतीस?” त्याने हळूच विचारले.

“गप ऱ्हा,” ती पुटपुटली. “चार मानसांत तुजी मान खाली व्हाया नको.”

किती दिवस ती अशी जात होती, हे विचारायचे धैर्य त्याला झाले नाही. ते विचारणे म्हणजे स्वतःलाच विचारणे होते. शिमग्यापासून तोही भिवंडीला कामाच्या निमित्ताने जाई आणि निजामपुऱ्यातल्या हॉटेलात पोटभर पाणी पिऊन घरी परते.

कारखानीस उठले, चपला पायांत सरकवल्या. पंढरी त्यांच्या आधी अंगणात उतरला. त्याने विहिरीत बादली सोडली, वर ओढली आणि सर्वांसमोर ओंजळ भरून प्याला. घोट खारट होता, तरी त्याने तो गिळला. कमळचे हसू विरले. आईने मान वळवली.

“ट्रक पाठवू नका, साहेब,” तो म्हणाला. त्याचा आवाज दाराशी उभ्या ठमाबाईलाही नीट ऐकू गेला. “गॅसमध्ये काही खोट नाही, डाळ पाण्यामुळे शिजत नाही. विहिरीची जागा मी दाखवली होती, आणि ती चुकली. तिच्यात खाडीचं पाणी येतंय.”