उत्तरेच्या भिंतीतल्या दोन खिडक्या

सुहोब्रेग गावात अजून सांगतात की स्तानिमिरा बाई रागावल्या की शेजारणीला मिरच्या भाजायला चुलाण पेटवावं लागत नसे. कुंपणावर नुसता पत्रा ठेवला की काम भागायचं. तो पत्रा कुणी पाहिलेला नाही, पण शाळेच्या खिडक्या गेल्या त्या साली गावात लाकूड कमी जळलं, एवढं मात्र सगळे मान्य करतात.

खिडक्या दोन होत्या. शाळेच्या पहिल्या मजल्यावर, बाईंच्या वर्गात, उत्तरेच्या भिंतीत. बाहेर अक्रोडाचं झाड, त्यामागे शेजारच्या चोबानोव्हांच्या धुराड्यावर करकोच्याचं घरटं आणि त्याच्याही मागे बाल्कनचा डोंगर. मुलं धडा सोडून बाहेर बघत बसतात म्हणून बाईंनी एकवीस वर्षं त्या खिडक्यांना बोल लावले होते. मग एका ऑगस्टमध्ये त्या वार्नाला बहिणीकडे समुद्रावर गेल्या आणि इकडे शाळेच्या इमारतीला थंडीसाठी फोमचं जाड अस्तर लावायला कंत्राटदार आला.

नकाशा राजधानीहून, सोफियाहून आला होता. ज्यानं तो काढला त्याची बहुधा जेवायची वेळ झाली होती, कारण उत्तरेच्या भिंतीत खिडक्या काढायच्या राहून गेल्या होत्या. मजुरांनी नकाशा पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. नकाशावर सही होती, शिक्का होता. भिंतीवर काहीच नव्हतं. त्यांनी नकाशाचं ऐकलं. चौकटी उपटल्या, विटा रचल्या, बाहेरून फोम, आतून गिलावा आणि वर पिवळा रंग.

बाई परतल्या आणि वर्गात शिरून भिंतीवर हात फिरवत राहिल्या, नाकावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या माणसासारख्या. मग तळपायाची आग मस्तकात गेली, ती वर्षभर खाली उतरली नाही.

त्या वर्षात त्यांनी जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीला अकरा अर्ज लिहिले. उत्तरं अकरा आली. त्यांचा सारांश असा, की मूळ नकाशात खिडकी नसल्यामुळे ती गेल्याची तक्रार करता येत नाही. आता खिडकी हवी तर ते भिंतीला नवं भोक पाडणं ठरेल आणि त्याला भूकंपतज्ज्ञाचा दाखला लागेल. तो तज्ज्ञ कुठं असतो, असं बाईंनी दहाव्या अर्जात विचारलं. दहाव्या उत्तरात त्यांना आठव्याचीच नक्कल आली, तारखेसकट.

तरीही त्या मुलांसाठी तोंड बंद ठेवून शिकवत होत्या. मग जूनमध्ये एके दिवशी त्यांनी पहिलीच्या अकरा मुलांना सूर्य काढायला सांगितला. दारीना नावाच्या चिमुरडीनं कागदाच्या वरच्या कडेला एक लांबट पांढरी कांडी काढली, दोन्ही टोकांना दोन तारा. बाईंनी वर पाहिलं. छताला ट्यूबलाइट लोंबत होती. बाई बाहेर पडल्या, जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि कठड्याचा लोखंडी गज वाकवून परत आल्या. तो वाकडा गज आजही दाखवतात.

सप्टेंबर तोंडावर आला तसं कचेरीचं पत्रक आलं: शाळा उघडण्याआधी तपासणी होईल, प्रत्येक वर्ग 'उजळ आणि हसरा' दिसला पाहिजे, नापास वर्ग बंद होईल आणि त्यातली मुलं बसनं जिल्ह्याच्या गावी जातील. मुख्याध्यापक पारश्केव पत्रक घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, फक्त देवानं त्याला कणा द्यायचा त्या दिवशी माल संपला होता.

"स्तानिमिरा बाई, चार फुगे लावा. पिवळे पडदे लावा."

"पडदे? कशावर?"

"भिंतीवर. पडद्यामागे काय आहे ते कोण बघतंय."

बाईंनी त्यांना पेच उलगडून सांगितला. वर्ग अंधारा ठेवला तर दुसरीत गेलेल्या त्या अकरा मुलांना पहाटे उठून पाऊण तास बसमध्ये उलट्या करत जावं लागेल. वर्ग सजवला तर कचेरी म्हणणार, बघा, किती छान दिसतो, खिडकीवाचून अडलंय कुठं? आपण लावलेला एकेक फुगा म्हणजे त्या खिडकीवर आणखी एकेक वीट. पारश्केव म्हणाले की त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली आहेत आणि फुगे शाळेच्या कपाटात आहेत.

त्या संध्याकाळी बाई शाळेच्या शिपायाच्या, गेंचोकाकांच्या परसात जाऊन तावातावानं बोलत होत्या. गेंचोकाका सत्तरीचे. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत ते पुढाऱ्यांच्या स्वागताची चित्रं रंगवायचे. मोठे साहेब यायचे म्हटलं की दुकानांच्या रिकाम्या काचांवर सॉसेज रंगवायचे, वाळल्या शेताच्या कडेला फळ्यांवर गहू. त्यांच्या एका गव्हाच्या फळीपाशी पाखरांचा थवा उतरला आणि चोची बोथट करून गेला, असं ते स्वतःच सांगत.

बोलता बोलता बाईंची नजर काकडीच्या वाफ्यावर गेली आणि त्या थांबल्या. वाफ्यावर दोन चौकटी आडव्या ठेवलेल्या होत्या. काचेसकट, पितळी मुठीसकट.

"या माझ्या वर्गाच्या खिडक्या आहेत."

"आहेत की," गेंचोकाका म्हणाले. "कचऱ्यात टाकल्या होत्या मेल्यांनी. मी काकड्यांना दिल्या. निदान काकड्यांना तरी उजेड."

बाईंनी एका चौकटीची मूठ फिरवून पाहिली. मग त्यांनी विचारलं की काकांना अजून रंगवता येतं का.

"हात कापतो. पण पानं काढायला कापरा हात बराच. का, खोटी खिडकी हवी? वर्षभर खऱ्यासाठी भांडलीस आणि आता खोट्यावर आलीस होय गं पोरी?"

"मला अशी खोटी हवी," बाई म्हणाल्या, "की बघणाऱ्यानं उठून ती उघडायला जावं."

आठ दिवस दार लावून काम चाललं. चौकटी जुन्या जागी भिंतीवर ठोकल्या. काचेमागे काकांनी अक्रोड रंगवला, चोबानोव्हांचं धुराडं रंगवलं, डोंगर रंगवला, वरच्या पट्टीआड एक दिवा दडवला. सफरचंदाचं झाड त्यांनी पदरचं घातलं. त्या सफरचंदांवर एक गांधीलमाशी दोन दिवस घिरट्या घालत होती आणि तिसऱ्या दिवशी चौकटीखाली उपाशी मेलेली सापडली. बाईंनी बिजागऱ्यांना तेल दिलं, जाळीचा पडदा लावला, चौकटीखाली फळी ठोकून जिरेनियमची कुंडी ठेवली. आणि फुगे कपाटातच राहू दिले.

तपासणीला वेलिकोवा मॅडम आल्या. अकराही उत्तरांवर यांचीच सही होती. वर्गात पाऊल टाकलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बाई, तुम्ही वर्षभर कचेरीला छळलंत. वर्गाला खिडक्या नाहीत म्हणून. मग हे काय आहे?"

"तुम्हीच बघा," बाई म्हणाल्या.

पारश्केव खोकले. गेंचोकाकांनी दारातूनच त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो खोकला तिथंच विरला. पारश्केवांच्या कपाळावर घाम आला होता, पण घाम सगळ्यांनाच आला होता. सप्टेंबरचं ऊन होतं आणि वर्गाला हवा नव्हती. मॅडमनी पहिल्या बाकावर बसून अहवाल भरला. तोंडानं मोठ्यानं म्हणत भरला, बाईंना ऐकू जावं म्हणून: खिडक्या, दोन, सुस्थितीत, बागेकडे उघडणाऱ्या, शिक्षिकेचे अर्ज निराधार. तीन प्रती. तिन्हींवर सही. पर्समधून शिक्का काढून तिन्हींवर मारला. एक प्रत पारश्केवना दिली, एक बाईंपुढे सरकवली. बाईंनी ती घडी करून ब्लाउजच्या आत ठेवली.

"आणि ती खिडकी उघडा आता," मॅडम वहीनं वारा घेत म्हणाल्या. "जीव गुदमरतोय."

"तुम्हीच उघडा ना. तुमच्या हातानं."

मॅडम उठल्या, मूठ फिरवली. चौकट अलगद उघडली. मॅडमनी डोळे मिटून मोकळी हवा घ्यायला मान पुढे केली आणि त्यांचं नाक सफरचंदाच्या झाडावर आपटलं. काकांनी सकाळीच तिथलं एक पान दुरुस्त केलं होतं. मॅडम वळल्या तेव्हा नाकाच्या शेंड्यावर हिरवा ठिपका होता.

कुणी हसलं नाही. मॅडमनी अहवाल परत मागितला. बाईंनी ब्लाउजवर हात ठेवला आणि त्या आवाज न चढवता बोलल्या, आणि ज्यांनी ज्यांनी तो आवाज ऐकला त्यांना बाईंनी तो चढवला असता तर बरं, असं वाटलं.

"माझ्या मुलांनी सूर्य म्हणून ट्यूबलाइट काढलीय. तुम्हाला अकरा वेळा लिहिलं. कागदावर भिंत होती, तेव्हा तुम्ही कागदाचं ऐकलंत. आता कागदावर खिडकी आहे. बागेकडे उघडणारी, सुस्थितीत. अहवाल रद्द करायचा तर वर लिहून कळवा, की मी भिंतीला खिडकी समजले आणि नाक आपटलं. नाहीतर खिडकी सुस्थितीत आणा. शाळा नऊ दिवसांनी उघडतेय."

मॅडमनी रुमालानं नाक पुसलं. ठिपका पसरला. मग त्यांनी विचारलं की भोक पाडायला भूकंपतज्ज्ञ लागेल ना. गेंचोकाका म्हणाले, नव्या भोकाला लागतो. ही तर अडकलेली खिडकी आहे, हिला फक्त जोर लागतो.

पाच दिवस गावातली मुलं काकांची खिडकी बघायला येत राहिली, दारीना तर रोज. सहाव्या दिवशी मजूर आले. तेच होते. त्यांनी अहवाल पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा अहवाल पाहिला आणि घण उचलला. गेंचोकाका आपलं चित्र विटांबरोबर पडताना बघत उभे होते. त्यांनी तेवढं सफरचंदाचं झाड मागून घेतलं, गिलाव्याच्या एका मोठ्या ढलप्यावर जेवढं राहिलं तेवढं.

पंधरा तारखेला शाळा उघडली, मुलं रिवाजाप्रमाणे हातात फुलं घेऊन वर्गात आली आणि फुलं टाकून खिडकीशी धावली. बाई मागे उभ्या राहिल्या. उजेड आत आला होता, बाकांवर, वह्यांवर, दारीनाच्या कानांवर.

"बाई," दारीना म्हणाली, "अक्रोड कुठंय?"

बाई पुढे झाल्या. अक्रोड नव्हता. परांची उभारायला कंत्राटदारानं तो गेल्या वर्षीच तोडला होता, शाळेच्या मागे कुणी जात नसे आणि खिडकीच नसल्यामुळे कुणाला कळलं नव्हतं. त्याच्या बुंध्याभोवती उरलेल्या फोमचा ढीग पडला होता, छातीएवढा, पावसानं पिवळा पडलेला.

"काकांची खिडकी जास्त छान होती," दारीना म्हणाली.

"होती," बाई म्हणाल्या. "पण तिच्यातून हाक मारता येत नव्हती."

खाली पटांगणात पारश्केव पालकांशी हस्तांदोलन करत होते. बाईंनी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली, कुंडी बाजूला सरकवली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकल्या.

"पारश्केव साहेब," त्यांनी हाक दिली, आणि चोबानोव्हांच्या धुराड्यावरच्या रिकाम्या घरट्यातल्या काटक्या हलल्या, "जरा इकडे, उत्तरेच्या बाजूला या. आणि येताना बाराव्या अर्जाला कोरा कागद आणा."