सासूबाईंच्या टाचेतला राखणदार

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. माणूस औषध करायला शिकला, त्याच्या कितीतरी आधीपासून माझं घराणं या कामावर आहे. पुस्तकात मला विकर म्हणतात, प्रयोगशाळेत एन्झाइम. माझा मालक एक जिवाणू. त्याच्या घरात विष शिरलं की ते मोडायचं, एवढंच मला येतं. तो ज्याला विष म्हणतो त्याला तुम्ही औषध म्हणता, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून माझं मन मला खातं.

मण्यांची एक लांब माळ चुरगळून मुठीत धरा. साधारण तसा मी दिसतो. पण माझी चुरगळ नेमकी असते. अंगाचे दोन फुगीर भाग आणि त्यांच्या बेचक्यात एक खाच. खाचेच्या तळाशी सेरीन नावाचा मणी टपून बसलेला. मी जे औषध मोडतो त्याच्या रेणूत एक छोटा चौकोन असतो आणि त्याची सगळी ताकद त्या चौकोनात असते. तो खाचेत आला की सेरीन त्याची एक बाजू तोडतो. मग ते औषध नुसतं नावाला उरतं.

माणसांनी आमच्या घराण्याचे चार वर्ग पाडले आहेत: अ, ब, क आणि ड. ब वर्गवाल्यांच्या खाचेत जस्त असतं, बाकी तिघांच्या खाचेत सेरीन. मी अ वर्गातला. अशी वर्गवारी करून काय मिळतं, असं मला वाटायचं.

आम्ही एका सासूबाईंच्या टाचेत राहत होतो. बाई पायमशीनवर कपडे शिवायच्या. नव्या चपलेने टाच सोलली आणि आमची सोय झाली. पुढे ताप आला, गोळ्या सुरू झाल्या. टाचेतले बहुतेक जिवाणू मेले. माझ्यासारखा राखणदार ज्यांच्या घरी होता, तेवढे मूठभर तगले, तेही धापा टाकत. अजून थोडे दिवस गोळ्या चालल्या असत्या, तर बाईंच्या रक्तातल्या शिपायांनी आम्हालाही गाठलं असतं.

पण सून म्हणाली, "आई, ताप गेला ना? मग बस झाल्या गोळ्या. त्यांनी तुमच्या पोटाचं काय झालंय बघा."

"लॅबवाली तू. तू म्हणशील तसं."

सून खरोखरच दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायची. घरी मात्र सासूचं उतरलेलं तोंड बघवलं नाही तिला.

आम्ही पुन्हा वाढलो. टाच काळीनिळी झाली, बाईंना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "आधीचं औषध चालत नाही. ते मोडणारा आत कुठल्या वर्गातला आहे ते बघा. पाय वाचवायचाय."

जखमेतला कापसाचा बोळा सुनेच्याच टेबलावर आला. तिने आमच्यातल्या काहींना एका बशीत पसरलं आणि वर कागदाच्या दोन टिकल्या ठेवल्या. एकीत नुसतं औषध, दुसरीत औषध आणि त्याचा सोबती. सोबती दिसायला औषधासारखाच, पण आमच्या खाचेत शिरला की अडकून बसतो. अ वर्ग असेल तरच त्याचा भरवसा. जस्तवाल्यांना तो दादच देत नाही... नाही, चुकलो, जस्तवाले त्याला दाद देत नाहीत. इतका गोंधळलो होतो मी त्या दिवशी.

"घरी जा आता," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "तू डोळे लावून बसलीस म्हणून बशी लवकर पिकणार नाही."

"घरी जाऊन काय करू? आईंचं शिवणाचं मशीन दिसतं."

सकाळी पहिल्या टिकलीला खेटून आम्ही माजलो होतो. दुसरीभोवती मात्र स्वच्छ गोल पडला होता, म्हणजे सोबत्याने आम्हाला अडवलं होतं, आम्ही अ वर्गातलेच. सून बशी घेऊन तशीच डॉक्टरांकडे धावली. ओळखला गेलो याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

डॉक्टरांनी औषध सोबत्यासकट सुरू केलं आणि विचारलं, "आधीच्या गोळ्या मधेच कुणी बंद केल्या?"

सुनेने तोंड उघडलं. त्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "मीच. ही बिचारी घ्या म्हणून सारखी मागे लागायची."

"सून लॅबमध्ये, आणि तुमची ही तऱ्हा," डॉक्टर म्हणाले. बाईंनी मान खाली घातली. सून चादरीचं टोक सारखं करत राहिली.

डॉक्टर गेल्यावर ती पुटपुटली, "आई, असं का सांगितलंत?"

"अगं, तुला इथे रोज तोंड दाखवायचंय. मला काय, मी उद्या घरी."

मग टाचेतही सोबती पोचला आणि माझ्या खाचेत आला. मी सवयीने त्याला तोडायला गेलो आणि तिथेच अडकलो. टाच भरत आली. आता बाई पुन्हा मशीनवर बसतात. गोळीच्या वेळेला सून पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते.

"झाले गं मी बरी."

"घ्या, आई."

बाई गोळी गिळतात आणि लहान मुलीसारखं रिकामं तोंड उघडून दाखवतात. सून अजून हसत नाही.

मित्रांनो, मी आता कामातून गेलो. पण अडकण्याआधीच माझ्या मालकाने माझ्या घडणीची कृती शेजारच्या जिवाणूला देऊन टाकली होती. तो कुणाच्या टाचेत जाईल, मला ठाऊक नाही. त्याच्या घरचा राखणदारही माझ्यासारखाच इमानाने काम करील. म्हणून हात जोडतो, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत गोळ्या थांबवू नका. कुणावर माया असली, तरीसुद्धा.