निएवेस बसलेली नाही

सान अंतोनियोच्या एका वस्तीत बायकांनी चालावं म्हणून दवाखान्याने पावलं मोजणाऱ्या मनगटी पट्ट्या वाटल्या आणि जोड्याही लावून दिल्या. ओब्दुलियाची जोडीदार निएवेस. एकीने आळस केला की दुसरीच्या फोनवर तक्रार यायची. निएवेस वारली, पण ते फोनला कोण सांगणार?

मग गेलेल्या माणसासाठी करतात तो नऊ दिवसांचा जपमाळेचा जप बसला. ओब्दुलिया निएवेसच्याच घरी राबत होती. खुर्च्या मांड, कॉफी दे, गोड पाव फिरव. फोनवर निरोप आला, "शाबास! आज तुम्ही सगळ्यांत जास्त चाललात. पण निएवेस बसून आहे. तिला उठवा!"

"बघ, मेल्यावरही तुझ्या मागे लागलीय," शेजारची चेलो म्हणाली. "काढून टाक ना बाई ती पट्टी!"

ओब्दुलियाला ना हसू आलं, ना रडू. ती नुसती कॉफीत साखर ढवळत राहिली.

जप संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा तेच. निएवेस बसून आहे. आता मात्र ओब्दुलियाने दवाखान्याला फोन लावला.

"माझी जोडीदार गेली," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "नाव काढा तिचं. ती बाई आयुष्यात कधी बसली नाही. बसलीय म्हणू नका."

"दुसरी जोडीदार देऊ का, सेन्योरा?" पलीकडची मुलगी चाचरली.

"नको."

पुढच्या सकाळी फोनवर फक्त ओब्दुलियाचंच नाव आलं. तिने बूट चढवले आणि बागेकडे निघाली. पाय आपोआप पडत होते. शेजारी एका बाईपुरती जागा सोडून ती चालत राहिली.