रक्ताची सवय

पाठ दुखते म्हणून रजा घेतलेल्या बाईनं निदान पाठ धरून कण्हावं तरी. सरकारांच्या लेकीनं तेवढीही शोभा ठेवली नव्हती. चार-पाच दिवस झाले, ती मागच्या खोलीत स्वतःला कोंडून बसली होती. दाराला आतून कडी, आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला. ताट दाराशी ठेवायचं, पार बैठकीपर्यंत मागं जायचं, मग आतून विचारणा व्हायची, "गेलीस का?" जन्मदात्या आईला हे ऐकावं लागत होतं. तुरुंगातल्या माणसालाही जेवण आणणाऱ्याचं तोंड बघावंसं वाटतं, असं सरकारांनी त्या दाराला मोठ्यानं सुनावलं होतं.

'सरकार' हे नाव त्यांच्या नवऱ्यानं ठेवलेलं. तो गेला आणि नाव मागं राहिलं. गल्लीतला न्हावी, शेजारीण, अगदी जावईसुद्धा त्यांना सरकारच म्हणायचा. शाळा त्यांनी जेमतेम दोन इयत्ता पाहिली होती, सही यायची, दुकानाच्या पाट्या वाचता यायच्या. पण त्यांच्यापुढं भल्याभल्या शिकलेल्यांची बोबडी वळायची आणि त्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

त्यांना वाटलं होतं, लेक रुसली. मागच्या आठवड्यात शेजारीण खोकत आली तेव्हा लेकीनं नेहमीप्रमाणं हात झटकले, मी त्यातली डॉक्टर नाही म्हणाली. तेव्हा जेवताना सरकार बोलून गेल्या होत्या, की साधा खोकला न उतरवणारी डॉक्टरीण आमच्याच नशिबी का. जावई कामासाठी परगावी, मध्ये पडायला कुणी नाही. लागलं असेल मनाला. लागू दे, उतरेल आपोआप, असं म्हणून त्यांनी दोन दिवस घालवले.

लेक विषाणूंवर संशोधन करायची. तो विषाणू डोळ्यांना दिसत नाही, जिवंत म्हणावा की मेलेला तेही शहाण्यांचं ठरत नाही, आणि त्याच्यामागं पोरीनं सगळं आयुष्य घातलेलं. असलं स्थळ सांगून आलं असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं, असं सरकार म्हणायच्या. पण म्हणताना मान ताठ असायची. आधीची कितीतरी वर्षं तिची काविळीच्या विषाणूंत गेली. कुठली कावीळ पाण्यातून येते, कुठली रक्तातून, कुठली आईकडून बाळाला जाते, हे सरकारांना तोंडपाठ झालं होतं. एका वस्तीच्या नळात गटाराचं पाणी शिरतंय, हे लेकीनं आजाऱ्यांच्या विष्ठेवरून सिद्ध केलं, तेव्हा सरकारांनी दुकानोदुकानी ही बातमी पोचवली होती, विष्ठा तेवढी गाळून.

त्या वर्षांत घराला वेगळी शिस्त होती. टॉवेल ज्याचा त्याचा, नखं कापायचं कटर ज्याचं त्याचं, बोट कापलं की लगेच पट्टी, आणि सगळ्यांना काविळीची लस टोचून आणलेली. पण लेक आपल्या लहानग्या मुलीच्या ताटातला घास उचलून खायची, तिचे मुके घ्यायची. ही रक्ताची वर्षं, असं सरकार म्हणत. मग वरिष्ठांनी तिला छातीच्या आजारांकडं वळवलं आणि श्वासाची वर्षं सुरू झाली. आता टॉवेलांचं कुणाला पडलेलं नव्हतं. खिडक्या उघड्या हव्या होत्या आणि खोकणाऱ्यापासून लांब बसायचं होतं.

तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला सरकार घरामागं गेल्या, तर बोचऱ्या थंडीत मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी. आणि आतून खोकल्याचा आवाज. खोकला लपवलेला होता, तोंड उशीत खुपसून काढलेला. तीन मुलं वाढवलेल्या बाईला उशीतला खोकला ओळखू येतो. सरकारांच्या हातातला ओला परकर तसाच राहिला. पाठदुखीला खोकला नसतो.

त्यांनी खिडकीशी जाऊन विचारलं तर लेकीनं आतून पडदा ओढला. धूळ गेली म्हणाली. आवाज घोगरा होता, आणि एवढं वाक्य बोलून तिला दम लागला तो त्यांनी ऐकला.

सरकार हे कुणाला बोलल्या नाहीत. काय बोलणार, आणि बोललं की ते खरं होतं, अशी भीती. नात तेवढी हट्टाला पेटली होती. आईच्या दाराशी पालथी पडून तिनं टॉवेल बोटानं आत ढकलला आणि फटीतून हात घातला, आई, माझं बोट धर म्हणून. आतून लेक अशी किंचाळली, की पोर भिंतीला जाऊन चिकटली. तिला ने, तिला धू, साबण लाव, असं ती आतून ओरडत होती. सरकारांनी नातीचे हात कोपरापर्यंत घासले. घासता घासता नात शिंकली. शिंक ती केवढीशी, पण सरकारांनी घासणं तिथंच थांबवलं. मग त्यांनी पोरीच्या कपाळाला इतक्या वेळा हात लावला, की पोर वैतागून म्हणाली, आजी, मी काय तवा आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर फाटक वाजलं. लेकीच्या प्रयोगशाळेतली जोडीदारीण आली होती. हाताखाली शिकलेली, आता बरोबरीनं काम करणारी हसरी मुलगी. तान्हं बाळ छातीशी बांधलेलं, हातात संत्र्यांची पिशवी. मॅडमची पाठ कशी आहे बघायला आले म्हणाली. सरकारांनी सवयीनं या म्हणायला तोंड उघडलं, तोच मागच्या खोलीतून आवाज आला.

"आई, तिला आत घेऊ नकोस. आणि तूही तिच्याजवळ जाऊ नकोस."

पाहुण्यासमोर असा अपमान सरकारांनी दुसऱ्या कुणाकडून खपवून घेतला नसता. पण तो आवाज उर्मट नव्हता, भेदरलेला होता. त्यांनी अंगणातलं बाक दाखवलं आणि घरात ढेकूण झालेत, तान्ह्याला नको, असं ठोकून दिलं. स्वतः उंबऱ्याच्या आतच थांबल्या. जोडीदारीण हसली. बसल्या बसल्या सांगू लागली, की सगळं काम तिच्या एकटीवर पडलंय. नमुन्यांच्या नळ्या गरगर फिरवायचं ते यंत्र अजून बंदच आहे. रजेच्या आदल्या दिवशी झाकण बिघडलं म्हणून मॅडमनी कुणाला हात लावू दिला नाही. आपण तर त्याच खोलीत, पलीकडच्या टेबलाशी होतो, तर मॅडमनी अर्ध्या कामातून उठवून घरी पाठवलं, बाळाकडं जा म्हणाल्या. केवढी माया त्यांची.

सांगता सांगता ती खोकली. तोंड खांद्यात लपवलं, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला.

"कालपासून घसा धरलाय हो मावशी. पाजताना खोकला येतो, मग हे दचकतं."

मागच्या खोलीत काहीतरी पडलं.

सरकारांनी बाळाकडं पाहिलं. झोपेत ते ओठ हलवत होतं. जरा बस, निघू नकोस, एवढं बोलून त्या आत वळल्या, आणि मधलं दार लोटून लेकीच्या दाराशी गेल्या. नात शाळेत होती ते बरं. त्यांनी हलक्या आवाजात एवढंच विचारलं, "झाकणाचं काय झालं?"

लेक दाराला टेकून खाली बसली असावी, आवाज खालून आला. सगळं तुटक तुटक बाहेर पडलं. फिरत्या यंत्रात एक नळी फुटली. तडा गेल्याचा आवाज तिनं ऐकला. अशा वेळी झाकण उघडायचं नसतं. सगळ्यांनी मुकाट बाहेर जायचं, दार लावायचं, आतला बारीक फवारा खाली बसेपर्यंत कुणी फिरकायचं नाही. हा नियम नव्या पोरांना तीच शिकवायची, भिंतीवर तिनंच लावलेला. पण तिनं यंत्र थांबवलं, झाकण उघडलं आणि जंतुनाशक औषधाचा बोळा घेऊन पुसायला लागली. काविळीच्या वर्षांत हेच केलेलं, रक्ताची नळी फुटली की झटकन उघड, औषध ओत, पूस, कुणाला काच लागू देऊ नकोस.

"हातांनी रक्ताचं काम केलं, आई. समोर श्वासाचं होतं."

तोंडावरची पट्टीही तिनं बोलण्यासाठी नाकाखाली ओढलेली होती. नळीत होता तो कोंबड्यांच्या शेडवर काम करणाऱ्या एका माणसाच्या छातीतला कफ.

तो माणूस कसा आहे, असं सरकारांनी विचारलं.

"गेला. परवा."

बाहेर बाकावर ती मुलगी बाळाशी काहीतरी बोबडं बोलत होती, ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

हे तिला सांगितलंस का? नाही. वरच्या साहेबांना? नाही. मग आतून रडणं आलं आणि रडण्यात कारणं आली. प्रयोगशाळेला कुलूप लागलं असतं. सगळे म्हणाले असते, काविळीवाल्या बाईला झेपलं नाही. इतक्या वर्षांचं नाव एका झाकणापायी गेलं असतं. ती लांब उभी होती, पाठमोरी होती, तिच्यापर्यंत पोचलं नसेल असं वाटलं. आपण कोंडून घेतलं की संपलं, असं वाटलं. सरकारांनी विचारलं, औषध आहे का याच्यावर. आहे, लेक म्हणाली, लवकर घेतलं तर उपयोग होतो. हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की सरकारांना कान दाराला लावावा लागला.

लवकर म्हणजे केव्हा, हे त्यांनी विचारलं नाही. नातीची शिंक त्यांच्या कानात होती आणि त्या बाळाचे हलणारे ओठ डोळ्यांपुढं. स्टूल ओढून त्या दारासमोर बसल्या.

"ऐक. झाकण उघडलंस ती चूक झाली, ती मी धरत नाही. खोलीत कोंडून घेतलंस, पोरीला जवळ येऊ दिलं नाहीस, ते आईला शोभलं. पण ती बाहेर तान्ह्याला छातीशी धरून खोकतेय, तुझी पाठ विचारायला संत्री घेऊन आलीय, आणि तू इथं नाव राखत बसलीस. हे मी माफ करणार नाही. उद्या ठणठणीत बरी होऊन माझ्या पाया पडलीस तरी नाही. आता फोन उचल. आधी साहेबाला, मग तिला. तिला मी एक शब्द सांगणार नाही, तुझ्याच तोंडून ऐकू दे."