अर्धा स

घड्याळजींची फाईल उघडली तेव्हा पडद्यावर कंस, टक्क्यांची चिन्हे आणि उलटसुलट स्वल्पविराम यांची एक मुकी गर्दी उभी राहिली. एकही अक्षर मराठी नव्हते. मजकूर छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता आणि तो फॉन्ट माझ्या संगणकात नव्हता. छापखान्यात एक फोन केला असता तर भागले असते. ‘फाईल उघडत नाही, दुसऱ्या प्रकारे पाठवा’, एवढेच म्हणायचे होते. पण लोकांच्या मजकुराला आवाज देऊन पोट भरणाऱ्या मला स्वतःच्या दोन वाक्यांसाठी आवाज फुटत नाही. फाईल उघडत नाही असे सांगणे म्हणजे आपण अजून कच्चे आहोत असे सांगणे, ही भीती माझ्या घशात कायमची मुक्कामाला आहे. म्हणून मी तो मजकूर इंटरनेटवरच्या एका कन्व्हर्टरमध्ये घातला आणि जे निघाले ते गोड मानून घेतले.

निघाले तेही बरेचसे ठीक होते. फक्त अर्धा स कुठेच उतरला नव्हता. ‘स्वभावा’चा ‘वभाव’ झाला होता, ‘स्पर्शा’चा ‘पर्श’. जिथे शब्द लंगडताना दिसला तिथे मी त्याला त्याचा स परत जोडत गेलो, आणि माझ्या या हुशारीवर मनातून खूषही होतो.

घड्याळजींनी आयुष्यभर घड्याळे दुरुस्त केली. आता त्यांना दिसत नाही. पत्नी गेल्यावर त्यांनी छापखान्यात बसून तिच्याविषयी चार पाने सांगितली आणि तिथल्या टायपिस्टने ती टाइप केली. ती माझ्या आवाजात त्यांना दूर राहणाऱ्या लेकीला पाठवायची होती.

शेवटच्या पानावर वाक्य होते: ‘तिच्या मरणाने मला जगण्याचे बळ दिले.’ इथे कुठलाच शब्द लंगडत नव्हता. उलट मला ते वाक्य धीट वाटले, खोल वाटले. आवाज घुमू नये म्हणून कपाटात टांगलेल्या गोधड्यांच्या मधोमध, मायक्रोफोनपुढे बसून मी ते पुन्हापुन्हा वाचले आणि ‘मरणाने’च्या आधी एक लांब श्वास घेतला. त्या विरामाचा मला अभिमान वाटला होता, हे आठवले की अजून कानशिले तापतात.

रेकॉर्डिंग आधी घड्याळजींना पाठवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“आवाज गोड आहे रे तुझा,” ते म्हणाले. “एक विचारू? ते शेवटचं. मरणाने बळ दिलं. मी तसं सांगितलं होतं?”

“आजोबा, म्हणजे... मजकुरात...”

“मजकुरात असेल तर असेल. मला फक्त कळायला हवं. शेवटची वर्षं ती अंथरुणाला खिळलेली. उचलायचं, पुसायचं, भरवायचं. मी कंटाळायचो बाळा, खोटं कशाला बोलू? तोंडातून निसटलंही असेल. पण लेकीच्या कानावर जाण्याआधी मला कळू दे.”

तेवढ्यात माझ्या मनात ‘वभाव’ आणि ‘पर्श’ यांच्या रांगेत ‘मरण’ येऊन उभे राहिले. त्याच्याही आधी अर्धा स असेल तर? स्मरण. तरीही मी म्हणालो काय, तर “बघून सांगतो.”

स्वयंपाकघरात वहिनी कणीक मळत होती. “भाऊजी, एरंडेल प्यायलात का?”

मी सगळे सांगितले. ती आधी खुदकन हसली, मग तिचे हात थांबले. “अहो, मग सांगून टाका ना, स्मरण आहे म्हणून.”

“पण ते मला तरी कुठे माहीत आहे? अंदाज आहे नुसता.”

“मग छापखान्यात विचारा. फोन काही चावत नाही.”

“हसतील ते.”

“हसू देत! तिकडे ते म्हातारं माणूस आपण बायकोच्या मरणावर टपलो होतो की काय म्हणून झुरतंय, आणि इकडे तुम्हाला हसण्याची पडलीय?”

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. टायपिस्ट हसला नाही. “अहो, तोंड उघडायचं ना तेव्हाच! मला वाटलं तुमच्याकडे फॉन्ट आहे. घ्या, पीडीएफ टाकतो,” एवढेच तो म्हणाला. हसला असता तर बरे झाले असते. ज्या भिंतीला मी इतका भ्यायलो ती तिथे नव्हतीच, हे जास्त झोंबले.

पीडीएफमध्ये अक्षरे जशीच्या तशी होती. ‘तिच्या स्मरणाने’.

मी घड्याळजींना फोन केला.

“म्हणजे मशीनने अक्षर खाल्लं?” त्यांनी विचारले.

“मशीनने खाल्लं. पण फाईल उघडत नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली.”

“एवढ्याची?”

“हो.”

“वाच बघू.”

मी वाचले, या वेळी श्वासाचे नाटक न करता. त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

“हां. स्मरणाने. असंच सांगितलं असणार मी.” तो शब्द त्यांनी एकदा स्वतःशीच म्हणून पाहिला. “पण मग तुझं ते पहिलं ऐकल्यावर मला ते माझंच का वाटलं रे?”

“चुकलं माझं, आजोबा.”

“तुझं नाही विचारत मी.”

पलीकडे त्यांनी खाकरून घसा साफ केला. “नवीन झालं की लेकीला परस्पर पाठव. मला ऐकवू नकोस.”

मी हो म्हणालो. फोन ठेवून पुन्हा गोधड्यांच्या मधोमध जाऊन बसलो.